मायक्रोकंट्रोलर एम्युलेटरमधील स्मृतिशब्दांचे वाचन : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
प्रयोगशाळेतील मर्यादित साधनांमुळे मायक्रोकंट्रोलरचा अभ्यास पुष्कळदा एम्युलेटरवर होतो. तेथे मिळालेले उत्तर विद्यार्थी प्रत्यक्ष चिपचेच उत्तर मानतो. त्यामुळे एम्युलेटर स्मृतीतून शब्द कसा वाचतो, हा केवळ तांत्रिक तपशील उरत नाही. प्रस्तुत लेखात एटीमेगा ३२८पी या चिपच्या आधारे सदर प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
या चिपची फ्लॅश स्मृती ३२,७६८ बाइटची, म्हणजेच १६ बिटांच्या १६,३८४ शब्दांची आहे. तिचा प्रोग्रॅम काउंटर १४ बिटांचा असून तो शब्द मोजतो. एम्युलेटरमध्ये मात्र ही स्मृती बाइटच्या अ‍ॅरेत ठेवून, सी भाषेत बाइटचा पॉइंटर १६ बिटांच्या पॉइंटरमध्ये बदलून शब्द वाचण्याचा मोह होतो. ही पद्धत तीन कारणांनी सदोष ठरते. पहिले, पत्ता ३२,७६८ पेक्षा लहान आहे एवढेच तपासल्यास ३२,७६७ हा पत्ता मान्य होतो. पण शब्दाचा दुसरा बाइट अ‍ॅरेबाहेर पडतो. दुसरे, असे रूपांतर करून वाचणे सी भाषेच्या नियमांनुसार अनिश्चित वर्तनास वाट देते. तिसरे, षोडशमान पद्धतीतील ३४ व १२ हे लागोपाठचे बाइट एव्हीआरमध्ये १२३४ असा शब्द देतात. उलट बाइटक्रमाच्या यजमान संगणकावर तोच शब्द ३४१२ होतो.

मेमकॉपी या फंक्शनने दुसरा दोष दूर होतो. पहिला व तिसरा राहतोच. पत्ता ३२,७६६ पेक्षा अधिक नाही हे आधी पाहून, दोन्ही बाइट स्वतंत्रपणे वाचावेत व वरचा बाइट ८ बिटांनी डावीकडे सरकवून जोडावा, हे अधिक निर्दोष होय.

तथापि सुरक्षितता म्हणजे यथार्थता नव्हे. मर्यादेबाहेरच्या वाचनास मुकाट्याने शून्य परत करणारा एम्युलेटर कोसळत नाही. परंतु एव्हीआरमध्ये शून्य हा शब्द ‘नॉप’, म्हणजे काहीही न करण्याची आज्ञा आहे. परिणामी चूकच आज्ञा होऊन पुढे चालते. वस्तुतः १४ बिटांचा काउंटर १६,३८४ शब्दांबाहेर जाऊच शकत नाही. एम्युलेटरमध्ये तो गेला, तर दोष एम्युलेटरचा असतो आणि नेमका तोच शून्याआड झाकला जातो.

निष्कर्ष :
अशा वेळी काम थांबवून पत्त्यासह चूक जाहीर करणे, हेच अध्ययनाच्या दृष्टीने प्रामाणिक होय. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना अध्यापकांनी केवळ अंतिम आउटपुट न पाहता स्मृतीच्या शेवटच्या बाइटवरील वाचनही तपासावे. न कोसळणारा प्रोग्रॅम बरोबर असतोच असे नाही, हा धडा विद्यार्थ्यास तेथेच मिळेल.