सुपारीतला वाटा : लोकसंगीतातील कलावंत-साहाय्याची आजची स्थिती

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये वृद्ध साहित्यिक व कलावंतांच्या मानधनाची फेररचना केली आणि राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा तीन श्रेणींना अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत होते त्यांऐवजी सर्वांना दरमहा ५,००० रुपये देण्याचे ठरवले. या निर्णयाचे स्वागत इतक्या एकमुखाने झाले, की कलावंतांच्या हलाखीचा प्रश्न जणू मार्गी लागला असे वाटावे. श्रेणी मोडल्या हे निःसंशय चांगले झाले, कारण गावोगाव ढोलकी वाजवून आयुष्य काढणाऱ्याची गरज राष्ट्रीय दर्जाची की जिल्हा दर्जाची, हे ठरवण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही समितीला नव्हता. मात्र वाढीव रकमेच्या कौतुकात मूळ प्रश्न मागे पडला आहे. ज्याच्या वादनावर यात्रा उभी राहते, तो माणूस पन्नाशीला पोहोचताच मदतीचा अर्जदार का होतो, याची चर्चा कोणीच करत नाही.

या प्रश्नाचे उत्तर पुणे-नाशिक महामार्गावरच सापडते. या रस्त्यालगत एका टोकाला चाकण-महाळुंगेचा कारखान्यांचा पट्टा आहे आणि पुढे उत्तरेला नारायणगाव आहे, जेथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या, म्हणजे फडांची (तमाशा मंडळांची) तात्पुरती कार्यालये, लागतात आणि खेड, आंबेगाव, जुन्नरच नव्हे तर दूरदूरच्या गावांचे पुढारी तेथे येऊन सुपारी देतात, म्हणजे यात्रेतील खेळाचा करार करतात. मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. हंगामापूर्वी फडमालक त्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती उभी करण्यासाठी पुष्कळदा स्वतःच सावकाराकडे जातो. हंगामभर ती फिटत राहते, पावसाळ्यात घर पुन्हा उधारीवर चालते आणि दसऱ्याला नवी उचल घेऊनच फड बाहेर पडतो. या चक्रात आजारपणाला किंवा म्हातारपणाला कोठेही जागा नाही. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी, नेमकी गुढीपाडव्याला, सुरू झाली आणि वर्षाची कमाई ज्या काही आठवड्यांवर अवलंबून असते तेच हातचे गेले. नंतर २०२१ मध्ये ५६,००० कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपयांची एकरकमी मदत मंजूर झाली, ती अनेकांच्या बाबतीत उचलीच्या बाकीलाही पुरणारी नव्हती.

साहाय्याच्या प्रचलित प्रकारांपैकी सत्कार, जीवनगौरव आणि निधिसंकलनाच्या संगीतरजनी यांचा विचार फार वेळ करण्याचे कारण नाही. त्यांतून प्रतिष्ठा आयोजकाला मिळते आणि कलावंताला एक संध्याकाळ. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी २००२ मधील अखेरच्या आजारात त्यांच्या रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. पुढे शासनाने त्यांच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांच्याही आधी, १९४५ मध्ये, शाहीर पठ्ठे बापूराव पुण्यात विपन्नावस्थेतच गेले. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेही असेच आहे: २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याच्या दोन टक्के खर्चात कला-संस्कृतीचा समावेश असला, तरी तो खर्च महोत्सवाच्या मंडपापाशी संपतो.

मानधन योजना या सर्वांहून गंभीर प्रयत्न आहे, म्हणूनच तिच्यातील दोष अधिक बोचतो. पन्नाशीचे वय आणि कलाक्षेत्रातील पंधरा वर्षे यांचे पुरावे मागितले जातात, आणि ज्या व्यवसायात करार तोंडी, हजेरी फडमालकाच्या वहीत आणि नाव मालकाचे, त्या व्यवसायातील हलगीवाल्याने वा झिलकऱ्याने, म्हणजे मुख्य गायकामागे सूर धरणाऱ्या साथीदाराने, कात्रणे आणि प्रमाणपत्रे आणायची कोठून? जिल्ह्यात वर्षाला शंभरच नवे लाभार्थी घ्यायचे ही मर्यादा, नारायणगाव ज्यात येते त्या पुणे जिल्ह्याच्या बाबतीत तर केवळ अन्यायाची आहे.

खरी आशा वेगळ्या प्रवृत्तीत आहे, जिच्यात कलेच्या उत्पन्नातूनच कलावंताचा निर्वाह निघतो. जुझेप्पे व्हेर्दी या संगीतकाराने मिलानमध्ये वृद्ध संगीतकारांसाठी स्वखर्चाने घर बांधले, ते १९०२ मध्ये उघडले आणि त्याच्या संगीतिकांच्या स्वामित्वधनावर, म्हणजे कृतीच्या प्रत्येक वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीवर, ते कित्येक दशके चालले. भारतात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा सुरक्षित केला आणि सादरकर्त्या कलाकारांचे हक्कही बळकट केले. मात्र हा मार्ग ध्वनिमुद्रित संगीताचा आहे; कनातीतल्या रात्रीच्या वगाची, म्हणजे तमाशातील कथानाट्याची, रॉयल्टी कोणीही मोजत नाही.

त्या वगासाठी महाराष्ट्राला परदेशात पाहण्याची आवश्यकता नाही, महाळुंगेच्या कारखान्यांत मालाची चढउतार करणाऱ्या माथाड्याकडे पाहिले तरी पुरे. माथाडी नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार मालक मजुरीसोबत लेव्ही, म्हणजे मजुरीवरील ठरावीक टक्क्यांची रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान व भरपगारी रजा मिळतात. माथाड्याचा मालक बदलतो, कामाची जागा बदलते, तरी मंडळातले त्याचे खाते कायम राहते. ढोलकीवाल्याची स्थिती नेमकी हीच आहे, फक्त त्याला मंडळ नाही. सुपारीची रक्कम ठरते त्याच कागदावर लेव्ही लावली, यात्रा समितीने ती मंडळात भरली आणि भरल्याची पावती कार्यक्रमाच्या परवानगीसाठी सक्तीची केली, तर प्रत्येक खेळागणिक कलावंताच्या नोकरीचा लेखी पुरावाही तयार होईल, ज्याअभावी आज त्याचा अर्ज फेटाळला जातो. गावावर बोजा पडेल हा आक्षेप टिकणारा नाही. ज्या गावांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या आणि ज्यांच्या यात्रांत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, त्यांना ही रक्कम जड नाही. आणि ज्या लहान गावांना ती खरोखरच जड आहे त्यांचा हिस्सा शासनाने भरावा, कारण तमाशा ही आपली लोककला आहे असे शासनच दरवर्षी सांगते. फडमालकांचाही विरोध होईल, कारण लेव्हीबरोबर हजेरीची वही उघडी पडेल आणि उचलीवर बांधलेला माणूस मोकळा होईल, परंतु सावकाराच्या व्याजाखाली स्वतः दबलेल्या मालकाला मंडळाकडून कमी व्याजाचे हंगामी कर्ज मिळाले तर त्याचा विरोध फार काळ टिकणार नाही. खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तीन तालुक्यांत पुढच्या चैत्रापासून हे करून पाहण्यास शासनाची अडचण कोणती, हे सांस्कृतिक कार्य आणि कामगार या दोन्ही खात्यांनी लेखी सांगावे.