मुशीत गेलेले दागिने

दोंडाईचा, शहादा, नंदुरबार या पट्ट्यातल्या सराफाकडे गळ्यातली जुनी हासळी मोडीला आली की तिच्याबद्दल दोनच गोष्टी पाहतात: वजन आणि टंच. घाटाचा विषय निघत नाही. आपल्याकडच्या चांदीकामाची आज जी गत आहे, तिचे मूळ मला या तराजूत दिसते.

तापीपलीकडच्या सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा हे या कामाचे खरे गिऱ्हाईक. कापूस-मिरचीचा पैसा हाती आला की चांदी घ्यायची, अडल्यावेळी गहाण टाकायची, देजाच्या, म्हणजे वधूमूल्याच्या, देण्याघेण्यात मोजायची. म्हणून दागिना भरीव हवा. मुशीत टाकणखार घालून चांदी आटवायची, लगड ओतायची, पुन्हापुन्हा तापवून ऐरणीवर ठोकायची. चांगली हासळी समोर रुंद आणि जड असते, मानेकडे जाताना निमुळती होते. हा उतार हातोडीनेच साधतो. पुढच्या पट्टीवर ठशांच्या चार ओळी, बस्स. खडा नाही, मीना नाही. धातूच्या अंगचे सौंदर्य इतक्या कमी साधनांत खुलवणारे काम महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल. पेशवाई दागिन्यांवर मात्र आपण लिहीत बसलो.

अमेरिकेतल्या नवाहो लोकांची चांदीही अशीच बँकेसारखी होती. आधी अमेरिकी, मग मेक्सिकन नाणी आटवून ते दागिने घडवत, व्यापाऱ्याकडे गहाण ठेवत. 1880 च्या सुमारास त्यांत फिरोजा बसू लागला. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे: तिथे घालणाऱ्या समाजानेच हातोडी हाती घेतली. आपल्याकडे घालणारा डोंगरातला, घडवणारा सपाटीवरचा सोनार. आवड एकाची, हात दुसऱ्याचा. या जोडीतून घाट उत्तम निघाले, पण ‘हे आमचे’ म्हणून उभे राहणारे कोणी निघाले नाही. भिल्लाला घडणावळ खुपायची, सोनाराला हे गावठी काम वाटायचे.

बाजाराने तिकडेही काही सोडले नाही. 1899 पासून फ्रेड हार्वी कंपनीने रेल्वेच्या प्रवाशांसाठी हलके, पातळ दागिने मागवले आणि नवाहो काम नाजूक होत गेले. आपल्याकडे ते काम राजकोट-आग्र्याच्या मशीनच्या मालाने आणि गिलटाने केले. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात गिलटाची माळ घेणाऱ्या मुलीला मी नावे ठेवणार नाही. 2025 मध्ये चांदी किलोला 1 लाखाच्या पुढे गेली, मग त्या मुलीने करावे काय? राग येतो तो शहरी दुकानांचा. जर्मन सिल्व्हरला काळपट रंग देऊन ‘ट्रायबल’ म्हणून विकतात, आणि ठसा कुठल्या जमातीचा हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अमेरिकेत 1990 च्या कायद्यानुसार तिथल्या मूळ रहिवाशांच्या नावावर खोटे ‘इंडियन’ काम विकणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही ऐच्छिक एचयूआयडी हॉलमार्क आला, पण तो शुद्धतेची हमी देतो. घाट कुणाचा, घडवला कुणी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

कारागिरांची बाजूही पाहायला हवी. भरीव काम आता मागणीवरच होते, मोबदला वजनावर ठरतो, आणि पोराला दुकानात गल्ल्यावर बसायचे असते, भट्टीपुढे नाही. त्यात गैर काय? पण नवे काम रोडावले असताना जुने निदान नोंदले तरी जायला हवे होते. ओपी उनट्राख्ट यांचा भारतीय दागिन्यांवरचा जाडजूड ग्रंथ 1997 साली आला, तोही परक्या माणसाचा. पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेच्या संग्रहालयात दागिने आहेत, पण सातपुड्यातल्या बाईने ते पाहायला पुणे गाठायचे?

भाव चढलेला असताना पेट्यांतली उरलीसुरली हासळी आणि कमरेचे कंदोरे वेगाने बाहेर येतील. मोड घेताना सराफ पावती करतोच. त्याच वेळी दोन्ही बाजूंचा फोटो काढून वजन, गाव आणि दागिन्याचे तिथले नाव लिहून ठेवायला पाच मिनिटे लागतात. तालुक्याच्या सराफ संघटनेला हे काम सरकारच्या मदतीवाचून जमण्यासारखे आहे.