सलोख्याची वाक्यरचना

हिलरी क्लिंटन यांचे डेन्व्हर येथील २६ ऑगस्ट २००८ चे भाषण पक्षैक्याचा नमुना म्हणून वाखाणले जाते. परंतु त्याचे मर्म औदार्यात शोधणे हे वरवरचे वाचन होय. फेब्रुवारीअखेरच्या त्यांच्या प्रचारचित्रात पहाटे तीन वाजता खणखणणारा दूरध्वनी कोणी उचलावा, असे विचारून प्रतिस्पर्ध्याच्या सिद्धतेविषयी शंका सुचविली होती. डेन्व्हरला ती शंका मागे घेतलेली नाही. ती केवळ अनुच्चारित राहिली आहे. ओबामा आपले उमेदवार ‘आहेत’ व ते अध्यक्ष ‘झालेच पाहिजेत’, असे त्या म्हणतात. पहिले विधान वस्तुस्थितीचे, दुसरे आवश्यकतेचे. ओबामांच्या कार्याचा गौरव भाषणात आहे, सिद्धतेचा निर्वाळा नाही. (तो दुसऱ्या दिवशी बिल क्लिंटन यांनी दिला.) खरा भार पडतो तो अनुयायांना केलेल्या पृच्छेवर: तुम्ही या मोहिमेत केवळ माझ्यासाठी होता काय? उत्तर गृहीतच आहे. आणि त्यासरशी निष्ठेचा विषय वक्त्रीकडून निघून कर्करोगाशी झगडणाऱ्या मातेकडे, किमान वेतनावर जगणाऱ्या माय-लेकरांकडे जातो. ज्यांना ओबामा पटले नव्हते त्यांना ते न पटताही मत देता यावे, अशी ही योजना आहे. मतगणना थांबवून ओबामांची निवड एकमुखाने व्हावी, ही सूचना २७ ऑगस्टला न्यू यॉर्कच्या प्रतिनिधिमंडळातून त्यांनीच मांडली.