दुरुस्तीच्या नावाखाली

सातारा-सांगलीकडच्या शाळांच्या संगणक कक्षांत एक दृश्य आम्हाला हमखास दिसते. पडद्यावर 'अपडेट'ची सूचना येते आणि शिक्षक ती पुढे ढकलतात. संध्याकाळपर्यंत निकालपत्रके छापायची असतात. मध्येच यंत्र तासभर अडून बसले तर? याला अज्ञान म्हणण्याची रीत आहे. आम्हाला ती मान्य नाही.

मुळात दोन गोष्टींची गल्लत होते. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सापडलेले भोक बुजवणे ही दुरुस्ती. सगळी सिस्टिमच बदलणे हा निराळा उद्योग. फुटके कौल बदलायला बोलावलेल्या माणसाने घरच पाडायला घ्यावे, तसा.

दुरुस्ती टाळणे महागात पडते, हे खरेच. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. १२ मे रोजी त्याच भोकातून 'वॉनाक्राय' शिरला आणि जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. बळी पडले ते जुनाट एक्सपी संगणक, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक विंडोज ७ चे होते. म्हणजे औषध दोन महिने आधीच आले होते. घेतले गेले नव्हते.

का? चोरीच्या प्रती आणि आळस ही कारणे आहेतच, पण एक कारण कंपनीनेच पुरवले. २०१६ मध्ये विंडोज १० चा आग्रह इतका वाढला, की सूचनेची चौकट कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून बंद केली तरी ठरलेला बदल रद्द होत नसे. फुली म्हणजे 'नको', हे आपण मुलांना पहिल्याच तासाला शिकवतो! अशा वागणुकीनंतर लोकांनी अपडेटची वाटच बंद केली तर नवल नाही.

आपल्याकडे त्यात मराठीची भर. जुन्या फॉण्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. त्यांचे सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालले नाही, तर डीटीपीवाल्याच्या जुन्या फायली निकामी. म्हणून तो जुने यंत्र सोडत नाही. याचा दोष मात्र कंपनीवर ढकलता येणार नाही. विंडोज २००० पासून युनिकोड मराठीची सोय आहे. अशा यंत्राची इंटरनेटची तार काढून ठेवावी, एवढेच आम्ही सुचवू.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि साधारण २०१७ पूर्वीचे प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. टीपीएम गुप्त किल्ल्या जपते. ती निरुपयोगी नाही. पण तेवढ्यासाठी धडधाकट संगणक भंगारात काढायचा?

आता हे पाहा. त्याच विंडोज १० च्या दुरुस्त्या शिक्षणसंस्थांना तीन वर्षे विकत मिळण्याची सोय कंपनीने ठेवली: संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. दहा संगणकांच्या कक्षाला पहिल्या वर्षी साधारण हजार रुपये. म्हणजे घर न पाडता कौल बदलता येते, आणि बदलणारा माणूसही कामावर आहे. मग तिसऱ्या वर्षानंतर त्याला घरी पाठवण्याचे तांत्रिक कारण कोणते, हे आम्हाला कुठे वाचायला मिळालेले नाही.