कण्हेरीचे विष आणि एक गाळलेला दुवा

कण्हेरीच्या विषाचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून बहुधा एका वाक्यात आटोपले जाते: सोडियम-पंप बंद पडतो, म्हणून हृदयाच्या पेशीत कॅल्शियम साठते. ब्रह्मपुरीकडे कुंपणाशी व देवळापाशी आढळणाऱ्या या झुडपाबाबत हे विधान खोटे नाही. परंतु त्यातील ‘म्हणून’ हा शब्द एक पायरी गाळतो. येन्स स्कौ यांनी १९५७ साली ज्याचे विकर ओळखले, तो पंप सोडियम व पोटॅशियम यांची ने-आण करतो, कॅल्शियमची नव्हे. मधला दुवा आहे तो विनिमयक प्रथिनाचा. हृत्स्नायूतून कॅल्शियम बाहेर पडणे हे बाहेरील सोडियमवर अवलंबून असते, हे रॉयटर व साइट्झ यांनी १९६८ मध्ये दाखविले.

हे प्रथिन सोडियमचे ३ आयन आत घेऊन कॅल्शियमचा १ आयन बाहेर टाकते. त्यास लागणारी शक्ती सोडियमच्या बाहेरून आत येण्याच्या ओढीतून मिळते. विषामुळे आतील सोडियम वाढून ती ओढ कमी झाली, की कॅल्शियमचा निचरा मंदावतो व पेशीतील कोठारे भरतात. येथवर आकुंचन केवळ जोरकस होते. डिजिटॅलिसचा औषधी गुण तो हाच.

मात्र ३ धनभार आत व २ बाहेर, या हिशेबात एक भार आत उरतो. तुडुंब कोठारांतून कॅल्शियम अवेळी गळू लागले, म्हणजे ते बाहेर काढता काढताच हे प्रथिन आतल्या दिशेचा विद्युत्प्रवाह उत्पन्न करते आणि अकाली ठोका उमटतो. औषधाचे विष कसे होते, याचे एक महत्त्वाचे उत्तर त्या उरलेल्या भारात आहे. तो वगळणारे स्पष्टीकरण पाठांतरास सोयीचे खरे. पण रुग्णाची नाडी अनियमित का झाली, हे त्यावरून विद्यार्थ्यास उमगणार नाही.