सुभद्रेचीं तेरा वर्षें

मराठी वाङ्मयांत शिपायाची बायको फार दिवसांपासून वावरत आली आहे. परंतु शिपायाच्या मुलांची आई तेथें अद्याप क्वचितच आली आहे. व्यवहारांत या दोघी एकच असतात. वाङ्मयानें मात्र त्यांची ताटातूट केली. ती कशी झाली, आणि तीमुळें साहित्याचें व त्या स्त्रीचेंहि काय नुकसान झालें, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

असा विचार अधांतरीं करण्यापेक्षां एखाद्या गांवीं उभें राहून करावा हें बरें. त्यासाठीं आम्हीं नाशिक जिल्ह्यांतील घोटी निवडली आहे. थळ घाट चढून आलेली रेल्वे इगतपुरी सोडून पुढें निघाली, कीं घोटी, पाडळी, आस्वली, लहवीत आणि मग देवळाली असा स्टेशनांचा क्रम लागतो. देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकांतली. इंग्रजी अमदानींत विलायतेहून येणारे व तिकडे परतणारे गोरे शिपाई तेथें मुक्कामास असत. आज तेथें आपल्या तोफखान्याचें विद्यालय आहे. म्हणजे पलटणींची जा-ये घोटीच्या दारावरून कित्येक पिढ्या चालत आली आहे. गांवाचा स्वतःचा जीव मात्र भातावर. आषाढांत येथें पाऊस कोसळत असतो आणि खाचराखाचरांतून आवणी चालते. त्या पावसांत घोटाभर चिखलांत वांकून रोपें लावणारी एक तरुण स्त्री वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. नवरा दूर सरहद्दीवरच्या ठाण्यावर. थोरला मुलगा चार वर्षांचा. धाकटी दीड वर्षाची, बांधावर इरल्याखालीं बसविलेली. ही स्त्री आमच्या कल्पनेंतली खरी. पण तिच्यासारख्या स्त्रिया महाराष्ट्रांत घरोघर झाल्या आहेत. आपल्या साहित्याच्या कोणत्या पानावर तिला आपला दिवस सांपडेल, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पहिलें पान शाहिरांचें. घोटीहून जो रस्ता सिन्नरकडे जातो, त्याच सिन्नर तालुक्यांतील बावी गांवचा शाहीर परशराम. आणि तेथून पलीकडे संगमनेरचा अनंत फंदी. हे पेशवाईच्या उत्तरकालाचे कवि. त्या काळीं फौजा दसऱ्याचें शिलंगण करून मुलूखगिरीस निघत आणि पावसाळ्याच्या तोंडीं परतत. मोहीम उत्तरेकडची असली तर वर्षेंहि लोटत. या ताटातुटींतून विरहाची लावणी जन्मास आली, आणि तिच्यांतील भाषेचा ठसका अजून उतरलेला नाहीं. पण त्या लावणींतील घर कसें असतें तें पाहावें. तेथें माडी असते, शेज असते, पत्राची वाट पाहणें असतें, ऐन तारुण्याची तक्रार असते. नसतें तें एक रडणारें मूल. विरहिणीची झोंप उडते ती पतीच्या आठवणीनें. बाळाचे दांत येत आहेत म्हणून उडाली, असें क्वचितच होतें. याबद्दल आम्ही शाहिरांस दोष देत नाहीं. त्यांचा श्रोता बहुधा पुरुष, आणि पुष्कळदा स्वतःच घरापासून दूर असलेला. घरीं आपली आठवण काढली जात आहे, हें त्याला ऐकावयाचें होतें. घरीं आपणांवाचून काय अडलें आहे, हें नव्हे. शाहिराची लावणी आणि भाताची लावणी यांचें नांव एक आहे. पण दुसरींतली बाई पहिलींत शिरूं शकली नाहीं.

दुसरें पान पुराणिकाचें, आणि आमच्या मतें तेंच अधिक विचार करण्याजोगें. अभिमन्यूची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? आईच्या पोटांत असतां त्यानें चक्रव्यूहाचा भेद ऐकला. मध्येंच सुभद्रेला झोंप लागली. म्हणून बाहेर पडण्याची युक्ति ऐकावयाची राहिली. कीर्तनकारांनीं ही कथा घरोघर पोंचविली. मूळ भारतांत अभिमन्यु रणांगणावर इतकेंच सांगतो, कीं पित्यानें आपणांस व्यूहांत शिरण्याचें शिकविलें, निघण्याचें नाहीं. आईची झोंप ही लोककथेनें घातलेली भर आहे.

आतां थोडा हिशेब करूं. भारताप्रमाणें अभिमन्यूचें आयुष्य सोळा वर्षांचें. पांडवांचा वनवास व अज्ञातवास मिळून तेरा वर्षें. युद्ध त्यानंतर लगेच. म्हणजे अर्जुन घराबाहेर पडला तेव्हां हें मूल तीन वर्षांच्या आंतबाहेर होतें. वनपर्वांत कृष्ण सुभद्रेला व अभिमन्यूला आपल्या रथांतून द्वारकेस नेतो. पुढें द्रौपदीचे पांच पुत्रहि तेथेंच येतात, आणि सुभद्रा त्यांना आपल्या मुलाप्रमाणें सांभाळते. कृष्ण वनांत भेटावयास येतो तेव्हां अर्जुन त्याला सुभद्रा कशी आहे व अभिमन्यु कसा आहे, हें विचारतो. परमुलखांत असलेल्या प्रत्येक शिपायाच्या पत्रांतलें हेंच पहिलें वाक्य असतें! तेरा वर्षें सरल्यावर विराटाच्या राज्यांत अभिमन्यूला बोलावून घेतात, तें उत्तरेशीं लग्न लावण्यासाठीं. बाप घर सोडतो तेव्हां मूल बोबडें बोलत असतें. आपल्या घरीं त्याला घेण्याचा योग येतो तेव्हां तें बोहल्यावर उभें राहतें.

सहा मुलांची ही तेरा वर्षें वाढविलीं कोणीं? व्यासांनीं निदान दोन वाक्यांत तिचें नांव घेतलें. आम्हीं तेंहि टाकलें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८२ सालीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणून सुभद्रेला मराठी माणसाच्या ओठांवर बसविलें. पण ती सुभद्रा लग्नापर्यंतची. पुढें ती आपल्याला भेटते ती रणांगणावर पडलेल्या मुलासाठीं आक्रोश करणारी. वधू आणि वीरमाता यांच्यामध्यें जें आयुष्य गेलें त्याची आठवण लोककथेनें ठेविली ती एवढीच, कीं तिला एकदां झोंप लागली होती. जिच्या किती रात्री मुलांच्या उशाशीं जागण्यांत गेल्या असतील, तिच्या नांवावर एक डुलकी लिहून ठेवावी, यापरता अन्याय कोणता!

ही पौराणिक गोष्ट झाली. पण इतिहासाच्या पानांतहि रीत तीच आहे. पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांतील कुत येथें डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जो वेढा पडला, त्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी सांपडल्या. आणि शरणागतीनंतर वांचलेल्यांच्या नशिबीं तुर्कांची कैद आली. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचे त्या युद्धांत ४६ जण पडले. त्यांची स्मृति दगडांत कोरलेली आहे, आणि गांवाच्या नांवापुढें ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला आहे. पडलेल्यांची मोजदाद झाली हें योग्यच झालें. पण जे पडले आणि जे परतले त्या सर्वांचीं मुलें त्या चार वर्षांत कोणी तरी वाढवीतच होतें; त्या वाढविण्याचा शिलालेख कोठें नाहीं. फ्रान्समधील हिंदी शिपायांच्या पत्रांचे उतारे सरकारी तपासनिसांनीं भाषांतर करून ठेविले, म्हणून ते आज वाचावयास मिळतात. पण बायकोची बाजू त्यांत सांपडणें कठिण. तिला बहुधा लिहितां येत नसे. पत्र दुसऱ्याकडून लिहवावयाचें, आलेलें पत्र चार माणसांत वाचावयाचें, आणि मनिऑर्डर पुष्कळदा सासऱ्याच्या नांवें यावयाची. जें पत्र मास्तरांस सांगावयाचें आणि दिरानें वाचावयाचें, त्यांत ‘मी थकलें आहें’ हें वाक्य येणार तरी कोठून?

तें वाक्य एका ठिकाणीं मात्र उमटलें, तें जात्यावर. ओवी रचणारी स्त्री पहांटेच्या काळोखांत दळीत असे, आणि मांडीवर पुष्कळदा निजलेलें मूल असे. साने गुरुजींनीं ‘स्त्री-जीवन’मध्यें अशा ओव्यांचा ठेवा प्रकाशांत आणला, पुढें हेमा राईरकर व गी पॉयट्व्हँ यांनीं खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. येथें तान्हें बाळ आहे. त्याचें दुखणें आहे, दृष्ट आहे, हट्ट आहे. आमच्या घोटीच्या स्त्रीला आपल्या घरासारखें कांहीं दिसलेंच, तर तें येथें दिसेल. पण ओवीलाहि तिची मर्यादा आहे. ती एक क्षण अचूक पकडते आणि पुढच्या दाण्यांबरोबर सोडून देते. एका मुलाच्या तीन वर्षांचा चढउतार सांगावयाचा तर गद्यच पाहिजे. शिवाय पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातीं थांबलीं; तीं थांबल्यावर त्या स्त्रीनें बोलावें कोठें, याची सोय साहित्यानें केली नाहीं.

मराठी गद्याला हें झेपणार नाहीं, असें कोणी म्हणूं नये. याच नाशिक जिल्ह्यांत जलालपुरास जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांचे पति शिपाई नव्हते. पण न सांगतां घरांतून निघून जाणें हा त्यांचा स्वभाव होता, आणि मागें राहिलेल्या बाईचे दिवस कसे जातात हें लक्ष्मीबाईंनीं जसें सांगितलें तसें कोणीं सांगितलें नाहीं. त्या पतीवर रागावतात, त्याची थट्टा करतात, आणि त्यांच्या भक्तीविषयीं वाचकाच्या मनांत तिळमात्र शंका राहात नाहीं. तक्रार आणि निष्ठा एका घरांत सुखानें नांदूं शकतात, हा त्या पुस्तकाचा मोठा धडा आहे.

सैनिकाच्या पत्नीस नेमका हाच अधिकार आपण नाकारला. तिला ‘वीरपत्नी’ म्हटलें, सभेंत हारतुरे दिले, आणि त्या हाराखालीं तिचें तोंड बंद झालें. देवीनें मुलाच्या तापाबद्दल कुरकूर कशी करावी? कर्नल संतोष महाडिक हे नोव्हेंबर १९१५ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१५ च्या नोव्हेंबरांत, कुपवाड्यास धारातीर्थीं पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन मुलांच्या आई असूनहि सैन्याचें शिक्षण पुरें करून २०१७ सालीं अधिकारी झाल्या. त्यांचें कौतुक सर्व वृत्तपत्रांनीं केलें, आणि तें यथार्थच होतें. परंतु सैनिकाचें घर वृत्तपत्रांस दिसावयाला त्या घरांत मृत्यु यावा लागतो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. ज्या घरीं नवरा सुखरूप आहे, दरवर्षीं रजेवर येतो आणि परत जातो, त्या घरांत लिहिण्याजोगें कांहीं घडत नाहीं, असा आपला समज झाला आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं आपलीं घरें एकत्र. सासू आहे, जाऊ आहे. मग ती ‘एकटी’ कशी? शंका रास्त आहे. मूल उचलून घेणारे हात एकत्र कुटुंबांत असतात, हें खरें. पण रात्रीं ताप चढला तर घोटीच्या डॉक्टरांवर थांबावें कीं नाशिकला न्यावें. थोरला मारामारी करून आला तर रागवावें कीं जवळ घ्यावें. शाळेंत ‘वडील कोठें आहेत’ म्हणून विचारलें तर त्यानें काय सांगावें. हे निर्णय कोणी वांटून घेत नाहीं. हल्लीं सैन्यानें पुष्कळ सोयी केल्या आहेत. नवरा कुटुंब नेतां येत नाहीं अशा ठाण्यावर असतां कुटुंबास निवडक छावण्यांतून राहण्यास जागा मिळूं शकते. १९६६ पासून सैनिकपत्नींची कल्याणसंस्था काम करीत आहे. जवानास वर्षाकाठीं साठ दिवसांची मुख्य रजा व तीस दिवसांची किरकोळ रजा असते. दूरध्वनीवर तोंडहि दिसतें. पण उरलेले नऊ महिने उरतातच; आणि रजेवर आलेला बाप दारांत उभा राहिला असतां दीड वर्षाची मुलगी त्याला पाहून आईच्या पदरांत तोंड लपविते, तेव्हां त्या तिघांच्या मनांत काय होतें, हें कोणत्याहि नियमावलींत बसत नाहीं. तें साहित्याचें काम आहे. पुढें दोन महिन्यांत मूल त्या बापाला लळा लावतें, त्याच्या ताटांत जेवूं लागतें, आणि मग ट्रंक पुन्हां भरली जाते. एवढ्या सामुग्रीवर ज्याला कथा लिहितां येत नाहीं, त्यानें रणांगणाच्या वाटेस जाऊं नये.

यांतून आमचें मागणें निघतें तें साधें आहे. सैनिकाच्या घराविषयीं जे लिहितात त्यांनीं त्या स्त्रीस कांहीं काळ विरहिणीहि म्हणूं नये आणि वीरपत्नीहि म्हणूं नये. तिचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत लिहावा: चूल, खाचर, इरलें, गोंवर, गृहपाठ आणि फोटोंतल्या बापाला मुलांनीं केलेला नमस्कार. ती चिडली तर चिडूं द्यावी. तिनें सैन्याला, नवऱ्याला किंवा स्वतःच्या नशिबाला बोल लावला तर तो खोडूं नये. तेवढ्यानें देशाची मान खालीं जात नाहीं. उलट, सरहद्दीवरचा पहारा किती खांद्यांवर उभा आहे हें देशास प्रथमच कळेल. आणि ज्या स्त्रिया हें करीत आहेत त्यांच्यांतच पुष्कळ जणी आतां लिहूं जाणतात. मासिकांच्या चालकांनीं त्यांच्याकडे वीरकथा न मागतां एका आषाढाची हकीकत मागावी, म्हणजे सुभद्रेचीं तेरा वर्षें मराठींत यावयास आरंभ होईल.