तांबड्या खापरावरील फिकट झिलई : एका मताचें परीक्षण

जुन्या किल्ल्यांच्या व गढ्यांच्या आवारांत वेंचलेल्या खापरांच्या याद्या करतांना पांढरी, फिकट निळी वा हिरवट झिलई असलेल्या प्रत्येक तुकड्यापुढें ‘चिनी’ हा शब्द लिहिण्याचा प्रघात संग्राहकांत पडला आहे. त्यास आधार असा सांगतात कीं, नांदेड-लातूरकडील माती लोहयुक्त, ती भाजली म्हणजे तांबडी होते, तेव्हां तिच्यावर फिकट रंग उठणें शक्य नाहीं. या अनुमानांतील हेतु खरा आहे; परंतु व्याप्ति सिद्ध होत नाहीं.

प्रथम हेतूचा विचार करूं. या भागाची माती बहुतांशीं काळ्या बसाल्ट खडकाच्या झिजेपासून झालेली असून तींत लोह पुष्कळ असतें. गांवच्या कुंभाराच्या आव्याची आंच साधारणतः ७०० ते ९०० अंश सेंटिग्रेड. इतक्या आंचेवर सुलभपणें वितळणारी झिलई शिशाची. ती खालच्या मातींतील लोह आपल्यांत ओढून घेते व मधासारखी पिवळी किंवा तपकिरी होते. शिवाय ती पारदर्शक, म्हणून खालचा तांबडा रंग झांकला जात नाहीं; आणि धूर कोंडला तर ती काळवंडते. येथपर्यंत पूर्वपक्ष मान्य आहे.

परंतु कारागिरांनीं या अडचणीवर दोन उपाय फार पूर्वीं काढले. एक, भांड्यावर आधीं पांढऱ्या मातीचा किंवा गारेच्या पुडीचा लेप देऊन मग झिलई चढविणें. मुलतान व सिंधकडील काशीकाम या रीतीचें आहे. दुसरा, झिलईंतच कथिलाचें भस्म मिसळून ती दुधी करणें. ही रीत इराकांत ९ व्या शतकांत रूढ होती. पांढरी माती या भागासहि अपरिचित नव्हती. लातूरच्या पश्चिमेस तेर येथें सातवाहनकालीन केओलिनच्या मूर्ति सांपडल्या असून तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय प्रसिद्ध आहे. एवढ्यावरून तेरास झिलईकाम होत होतें असें मात्र कोणी म्हणूं नये. रंगीत झिलईची आवड शेजारींच होती, हें बिदरच्या महमूद गवानाच्या मदरशावरील (१४७२) फरशा सांगतात.

म्हणून निर्णय रंगावरून न करतां फुटक्या कडेवरून करावा. अस्सल चिनी पोर्सेलीन सुमारें १३०० अंशांवर भाजलेलें. त्याची कड पांढरी व काचेसारखी घट्ट, पाण्याचा थेंब न शोषणारी. हिरवट चिनी भांड्यांची कड करडीहि असते, पण तीहि घट्टच. मंद आंचेचें खापर सच्छिद्र असतें, थेंब तत्काळ पितें. भिंगाखालीं तांबडी कड व झिलई यांच्यामध्यें पांढरी रेघ दिसली तर तो लेप. रेघ नसून झिलईच दुधी असेल तर कथिल संभवतें. माती व लेप यांचें आकसणें सारखें नसलें म्हणजे लेप सोलतो. असा सोललेला तुकडा निकृष्ट म्हणून फेंकूं नये. रीतीची साक्ष तोच देतो.

उलट बाजूची घाईहि नको. मुलतानचें भांडेंहि आंतून तांबडेंच असतें. तेव्हां तांबडी कड रीत सांगते, गांव सांगत नाहीं. यादींत सांपडल्याचें ठिकाण, कडेचा रंग व लेपाची रेघ एवढें नोंदवून मूळस्थानाची जागा कोरी ठेवावी. ‘चिनी’ या एका शब्दानें न आलेला माल समुद्रापार करून आणला जातो, आणि तांबड्या मातीवर पांढरें उठविणारा कारागीर, तो कोठलाहि असो, इतिहासांतून पुसला जातो.